खिडकी उघडावी की नाही

गाडीचा एसी सुरू केला की पहिले काही क्षण कुबट वास यायचा. ओले मोजे दप्तरात विसरल्यावर येतो, तसा. काच खाली केली की जायचा, म्हणून बरेच दिवस दुर्लक्ष केलं. शेवटी सर्व्हिसिंगच्या वेळी सांगितलं, तर मेकॅनिकने काही न विचारता समोरचा कप्पा उघडला, दोन्ही बाजूंनी दाबून खाली लोंबता सोडला आणि त्याच्या मागून चुण्याचुण्यांची एक चौकोनी जाळी ओढून काढली. मूळची पांढरी असावी. आता चुण्यांच्या टोकांवर काळपट राखाडी लव आली होती, खोबणींत वाळक्या पानांचा चुरा, पिवळट पूड, कुठल्याशा किड्याचा अख्खा पंख आणि एक लांब केस, जो बहुधा माझाच होता. "ताई, हे बघा," असं म्हणून त्याने ती जाळी टायरवर दोनदा आपटली. धुरळा उठला आणि दारातून येणाऱ्या उन्हात तरंगत राहिला. मी श्वास रोखला. तो मात्र त्याच धुरळ्यात उभा राहून शांतपणे विचारत होता, "नवीन टाकू ना?"

नवीन टाकली. जुनी कचऱ्याच्या पिंपात गेली. पण ती लव डोक्यातून जाईना. गाडीत निदान मध्ये एक जाळी तरी होती. सिग्नलला चालत रस्ता ओलांडताना, गच्चीवर कपडे वाळत घालताना, बसच्या गर्दीत उभी असताना मध्ये काय असतं? शिवाय जाळीवर दिसलं ते दिसण्याजोगं होतं. काजळी दिसते, धूळ दिसते, पंख तर दिसतोच. तो कुबट वास मात्र न दिसणाऱ्यांचा होता. एसीची थंड नळी कायम ओलसर असते, तिच्यावर जिवाणू आणि बुरशी थर करून राहतात आणि त्यांच्या खाण्यापिण्यातून जे वायू सुटतात त्यांचा तो वास. म्हणजे गाडीत मी एकटी कधीच नव्हते.

शहरातल्या मोकळ्या हवेच्या एका घनमीटरमध्ये ढोबळमानाने १०,००० पासून १० लाखांपर्यंत जिवाणू असतात. माणूस दिवसाला ११-१२ घनमीटर हवा आत घेतो. हा गुणाकार मी कागदावर केला आणि उत्तराकडे बघत बसले : अगदी चांगल्या दिवशीही लाखभर, वाईट दिवशी कोटीच्या घरात. प्रत्येक जिवाणू साधारण १ मायक्रॉनचा, आणि आपला केस सरासरी ७० मायक्रॉन जाड. हे जीव हवेत सुटेसुटे फार कमी फिरतात. धुळीच्या कणावर, कातडीच्या पापुद्र्यावर, थुंकीच्या वाळलेल्या थेंबावर बसून येतात, आणि वाहन केवढं आहे यावर ते शरीरात कुठवर पोचणार हे ठरतं. १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतेक नाकातच अडकतात. ५ मायक्रॉनच्या आतले खाली उतरतात आणि त्यातले सगळ्यात बारीक थेट फुप्फुसाच्या फुग्यांपर्यंत जातात. वाटेत श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला चिकट द्रवाचा थर असतो आणि त्याखाली सूक्ष्म केसांची लव, जी सेकंदाला दहा-बारा वेळा वरच्या दिशेने हलत राहते. अडकलेलं सगळं घशाकडे ढकललं जातं आणि आपण ते नकळत गिळून टाकतो. दिवसभर, झोपेतसुद्धा. जे त्यातूनही निसटतं त्याला फुप्फुसातल्या भक्षक पेशी गाठतात. एवढी चोख व्यवस्था आपल्या आत आहे, आणि आपण तिची दखल घेतो ती फक्त घसा खाकरताना.

हवेत जीव असतात हे माणसाला पटवायलाच मुळात फार कष्ट पडले. १८६० साली लुई पाश्चर काचेच्या बंद बाटल्या घेऊन डोंगर चढला, ही गोष्ट मला त्याच्या लशींपेक्षाही आवडते. प्रत्येक बाटलीत उकळून निर्जंतुक केलेला पोषक द्रव. डोक्याच्या वर धरून चिमट्याने बाटलीची मान मोडायची, म्हणजे कपड्यांवरची धूळ आत पडायला नको. हवा आत जाऊ द्यायची आणि ज्योतीवर तोंड पुन्हा वितळवून बंद करायचं. आर्बुआ गावाजवळ उघडलेल्या २० बाटल्यांपैकी ८ नासल्या, जुरा पर्वतावरच्या २० पैकी ५ आणि आल्प्समधल्या हिमनदीवरच्या २० पैकी फक्त १. या आकड्यांच्या बाजूला एक फजितीही आहे. हिमनदीवरच्या पहिल्या प्रयत्नात बर्फावरच्या लख्ख उजेडात त्याला दिव्याची ज्योतच दिसेना, बाटल्या बंद करता आल्या नाहीत, आणि त्या रात्रभर सरायीतल्या खोलीत उघड्या राहिल्या. त्यातल्या बहुतेक नासल्या. हिमनदीची हवा तीच, डोंगर तोच. फरक चार भिंतींचा. पाश्चरचा वाद वेगळाच होता, जीव आपोआप उत्पन्न होतात की नाही हा. पण माझं बोट त्या सरायीतल्या खोलीवरच थांबतं.

त्याच्या मागोमाग पॅरिसमध्येच पिएर मिकेल नावाचा माणूस मोंसुरी बागेतल्या वेधशाळेत बसून वर्षानुवर्षं हवेतले जिवाणू मोजत राहिला. बागेतले वेगळे, शहराच्या मध्यातल्या गजबजलेल्या रू द रिव्होली रस्त्यावरचे वेगळे. रस्त्यावरचे बागेच्या कितीतरी पट भरत. हवामानखात्याने पाऊस मोजावा त्या निष्ठेने हा माणूस जिवाणू मोजत होता, आणि आज आपल्या फोनवर हवेचा निर्देशांक दाखवणारं ॲप आहे त्यात काजळी आहे, ओझोन आहे, नायट्रोजनची ऑक्साइडं आहेत. जिवाणूंचा रकाना नाही.

हे जीव येतात कुठून, याची उत्तरं शोधायला गेलं की शहराची वेगळीच ओळख होते. पानांवरून, मातीतून, गटारांतून, पाण्याच्या फवाऱ्यांतून, आपल्या अंगावरून. पावसाचा थेंब मातीवर आपटतो तेव्हा त्यात हवेचे बारीक बुडबुडे कोंडले जातात आणि ते वर येऊन फुटताना मातीतले जिवाणू घेऊन उडतात; ज्या वासासाठी आपण खिडकीपाशी धावतो त्या वासाबरोबर हेही नाकात येतात. अमेरिकेत शिकागो, डेट्रॉइट, क्लीव्हलंड या शहरांच्या हवेतल्या जिवाणूंचे डीएनए तपासून २०११ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. उन्हाळ्यात माती आणि पानं हे मुख्य उगम. हिवाळ्यात पानं गळून गेलेली, माती गोठलेली. तेव्हा डेट्रॉइट आणि क्लीव्हलंडच्या हवेत सर्वांत ठळक दिसला तो बहुधा कुत्र्यांच्या विष्ठेतून आलेला गट. हे वाचल्यावर मी सकाळी फिरायला जाणं सोडलं नाही, पण पदपथाकडे बघण्याची नजर बदलली हे खरं.

आणि माणूस स्वतः? येल विद्यापीठाच्या संशोधकांनी वर्गात बसलेल्या माणसांमुळे हवेत किती जिवाणू येतात ते मोजलं. माणशी, तासाला, सुमारे ३ कोटी ७० लाख. यात अंगावरून झडलेले आले आणि आपल्या हालचालीने जमिनीवरून उडालेलेही. कोंदट सभागृहात तासाभराने जो जडपणा येतो, त्याचं खापर आपण वक्त्यावर फोडतो. वक्ता कंटाळवाणा असतोच, पण आपण एकमेकांच्या अंगावरचं आणि छातीतलं वाटून घेत बसलेलो असतो हेही तितकंच खरं.

माझ्या लहानपणी मावशीला टीबी झाला होता.

ती काही महिने आमच्याकडे राहिली. तिचं ताट, वाटी, पेला वेगळा. त्यावर आजीने खिळ्याने खूण कोरलेली. टॉवेल वेगळा, चादरी वेगळ्या उकळायच्या. आम्हा मुलांना तिच्या ताटाला हात लावायची बंदी. आणि मागच्या ज्या खोलीत ती झोपायची त्या खोलीची खिडकी मात्र घट्ट बंद, का तर तिला वारा लागू नये. आम्ही संध्याकाळी त्याच खोलीत तिच्याभोवती बसून पत्ते खेळायचो. मावशी तोंडावर पदर धरून खोकायची, पानं टाकायची, हरली की चिडायची. ती बरी झाली, आमच्यापैकी कुणाला काही झालं नाही, पण त्या खोलीतली ती उबदार, थोडी औषधी, न हलणारी हवा मला आजही आठवते. आजीला दोष कसा देणार? त्या वेळच्या मोठमोठ्या पुस्तकांतही फारसं वेगळं नव्हतं. १९१० साली चार्ल्स चेपिन या अमेरिकी आरोग्याधिकाऱ्याने ठासून लिहिलं होतं की रोग मुख्यतः स्पर्शातून पसरतात, हवेतून फारच क्वचित. घाणेरड्या वासातून रोग होतात या जुन्या समजुतीला गाडून टाकण्याच्या भरात हवाच निर्दोष सुटली, आणि पुढची कित्येक दशकं वैद्यकाने भांड्यांवर आणि हातांवरच नजर ठेवली.

विल्यम वेल्स या अभियंत्याने १९३४ मध्ये दाखवलं की खोकल्यातले मोठे थेंब जमिनीवर पडतात, पण बारीक थेंब पडायच्या आधीच वाळतात आणि त्यांचा उरलेला गाभा, आतल्या जिवाणूसकट, तासन्‌तास तरंगू शकतो. ते सिद्ध व्हायला आणखी पंचवीस वर्षं गेली. बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी क्षयरुग्णांच्या सहा खाटांच्या वॉर्डातली हवा नळ्यांनी वरच्या मजल्यावर नेऊन शंभराहून अधिक गिनीपिगांच्या पिंजऱ्यांतून खेळवली. रुग्ण आणि प्राणी यांच्यात ना ताट सामाईक, ना टॉवेल. फक्त हवा. गिनीपिगांना क्षय झाला. ज्या गटाकडे जाणाऱ्या हवेवर वाटेत अतिनील किरण टाकले होते, त्या गटाला झाला नाही. बहुतेक लागण मोजक्याच रुग्णांकडून आली होती, आणि ज्यांच्यावर नीट औषधं चालू होती त्यांच्याकडून जवळजवळ नाहीच. हे वाचताना मला मावशीच्या गोळ्यांचे वेळापत्रक आठवलं, जे माझी आई जेवणाच्या वेळेपेक्षा काटेकोर पाळायची. आम्हाला बहुधा त्या गोळ्यांनीच वाचवलं. ताटावरच्या खुणेने नव्हे. २०२३ साली जगात १ कोटी ८ लाख लोकांना नव्याने क्षय झाला आणि साडेबारा लाख त्याने मेले. हवेतल्या सगळ्या जिवाणूंत माणसाला सर्वांत महाग पडलेला हाच, आणि तो रस्त्यावरच्या हवेत नाही, माणसांनी भरलेल्या बंद खोलीत लागतो.

बंद जागेचं दुसरं उदाहरण अगदी उलट्या परिस्थितीतलं, श्रीमंती थाटातलं. जुलै १९७६, फिलाडेल्फियातलं आलिशान हॉटेल, माजी सैनिकांचं अधिवेशन. पाठोपाठ न्यूमोनियाने माणसं आजारी पडू लागली. २०० हून अधिक आजारी, ३४ मृत्यू. काही महिने कारण सापडेना. जानेवारी १९७७ मध्ये ते कळलं : एक अनोळखी जिवाणू, पुढे लीजनेला म्हणून ओळखला गेलेला. हा माणसाकडून माणसाकडे सहसा जातच नाही. कोमट, साचलेल्या पाण्यात, अमिबांच्या पोटात राहतो, आणि वातानुकूलनाचे कूलिंग टॉवर, कारंजी, शॉवर यांच्या बारीक तुषारांतून हवेत येतो. ज्या यंत्रणेने बाहेरची हवा नको म्हणून खिडक्या कायमच्या बंद केल्या, तिनेच त्याला घर दिलं.

इथवर वाचून मी खिडकीच्या बाजूची झाले होते. मग काजळी आडवी आली. बीजिंगमध्ये जानेवारी २०१३ च्या दाट धुरक्यातले कण तपासले तेव्हा त्यांत १,३०० हून अधिक प्रकारचे सूक्ष्मजीव सापडले. बहुतेक मातीतले, निरुपद्रवी. पण न्यूमोनियाचा जिवाणूही त्यात होता आणि प्रदूषण वाढलं तसा त्याचा वाटाही वाढला. पुढे २०१७ मध्ये इंग्लंडातल्या लेस्टर विद्यापीठात त्याच जिवाणूला काजळीबरोबर वाढवून पाहिलं. काजळीत तो ज्या थराने चिकटून राहतो त्या थराची घडणच बदलली, आणि उंदरांमध्ये तो नाकातून फुप्फुसात उतरला, जिथे एरवी तो गेला नसता. आपल्यापैकी अनेकांच्या, विशेषतः मुलांच्या, नाकात-घशात हा जिवाणू निमूट राहत असतो. त्याला आत जायला काजळी वाट करून देते. म्हणजे एकीकडे काजळी आणि दुसरीकडे त्या काजळीवर बसलेला जीव, असं वेगवेगळं मोजून भागत नाही.

आणि गाडीची जाळी मी फेकली खरी, पण जगात कुणीतरी तीच जपून ठेवत होतं. २०१८ मध्ये बीजिंगच्या संशोधकांनी १९ शहरांतल्या हवेत प्रतिजैविकांना न जुमानणारी जनुकं किती आहेत ते मोजलं, आणि त्यासाठी हवेचे नमुने म्हणून गाड्यांच्या एसीच्या वापरलेल्या जाळ्याच गोळा केल्या. हुशारीच म्हणायची, महागड्या यंत्रांऐवजी जी जाळी महिनोन्‌महिने शहरभर फिरलेली आहे तीच प्रयोगशाळेत आणली. प्रत्येक शहरात अशी जनुकं सापडली. सर्वांत जास्त प्रकार बीजिंगमध्ये, एकूण प्रमाणात सर्वांत पुढे सॅन फ्रान्सिस्को. सहा शहरांत व्हॅन्कोमायसिनला दाद न देणारं जनुकही मिळालं, म्हणजे डॉक्टर ज्याला राखीव ठेवतात त्या औषधाला. जनुक सापडलं म्हणजे जिवंत, रोग करणारा जिवाणू सापडला असं नाही. पण मृत जिवाणूही अगदीच गरीब नसतो. कित्येकांच्या आवरणात असं द्रव्य असतं की ते मेल्यावरही श्वासनलिकेला सूज आणतं.

याच द्रव्याची दुसरी बाजू मला सर्वांत गोंधळात टाकते. जर्मनीचं एकीकरण झालं तेव्हा एरिका फॉन म्युटियस या डॉक्टरांनी पूर्वेकडच्या लाइपझिगमधली आणि पश्चिमेकडच्या म्युनिकमधली मुलं तपासली. पूर्वेला कोळशाचा दाट धूर. तिथे दमा जास्त असणार अशीच अपेक्षा. खोकला-ब्राँकायटिस तिकडे जास्त होता, पण दमा आणि गवतज्वर, म्हणजे परागकणांच्या ॲलर्जीने होणारी सर्दी, स्वच्छ पश्चिमेतच जास्त निघाले. नंतरच्या कामातून दिसलं की गोठ्याजवळ वाढलेल्या मुलांच्या गाद्यांत हे जिवाणूजन्य द्रव्य भरपूर असतं आणि त्यांना दमा-ॲलर्जी कमी होते. फिनलंडमध्ये तर बालवाड्यांच्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ आणून टाकली. महिन्याभरात मुलांच्या त्वचेवरचे जिवाणू विविध झाले आणि रक्तातल्या प्रतिकाराच्या खुणा बदलल्या. तेव्हा हवेतले जिवाणू वाईट म्हणून नाक मुरडावं, तर कोवळ्या वयात त्यांची ओळख झाली नाही म्हणून शरीर परागकणांवर धावून जातं. कुठले जिवाणू, किती, कुठल्या वयात, कशाच्या सोबतीने, एवढे प्रश्न त्या एका श्वासात असतात.

आणि मोकळी हवा नुसती जिवाणूंना विरळ करते असंही नाही. ती त्यांना मारते. १९६८ मध्ये इंग्लंडातल्या पोर्टन डाउन इथे दोन शास्त्रज्ञांनी हे पाहण्यासाठी कोळ्यांचे धागे वापरले. चौकटीवर कोळिष्टकाचा अतिसूक्ष्म धागा गुंडाळायचा, त्यावर जिवाणूंचा फवारा मारायचा, म्हणजे ते हवेत अधांतरी असल्यासारखेच राहतात. एक चौकट बंद डब्यात, एक रात्रीच्या मोकळ्या वाऱ्यात. डब्यातले टिकले, वाऱ्यातले भराभर मेले. ऊन नव्हतं, तरी मेले. मोकळ्या हवेतलं हे मारक काय असावं याचा माग काढता काढता बोट गेलं ओझोनकडे आणि त्याच्याशी संयोग पावणाऱ्या काही बाष्पांकडे, जी इंजिनांच्या धुरातही असतात. मी हे दोनदा वाचलं. जो धूर माझ्या छातीत काजळी भरतो, त्याचाच एक भाग हवेतल्या जिवाणूंचा काळ असू शकतो. याचं मला समाधान वाटावं की वैताग, हे अजून ठरलेलं नाही. पण रुग्णालयांच्या बाबतीत मोजमाप स्पष्ट आहे. पेरूची राजधानी लिमा इथल्या आठ रुग्णालयांत खिडक्या-दारं उघडली की खोलीतली हवा तासाला सुमारे २८ वेळा बदलत होती, यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांमध्ये १२ वेळा. आणि उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती नव्या इमारतींपेक्षा सरस निघाल्या.

घरी मात्र हा वाद मोजमापाने मिटत नाही. आमची खिडकी रस्त्यावर उघडते. मुलगी सकाळी उठल्याउठल्या फोनमधला निर्देशांक बघते आणि खिडकी लावून घेते. तिच्या मते मी आम्हा सगळ्यांना एक्झॉस्टच्या नळीपाशी बसवते आहे. मी वाहनं सुरू व्हायच्या आधी पहाटे उघडते, पावसानंतर उघडते, पाहुणे बसले असले की फटीएवढी तरी ठेवते. गेल्या आठवड्यात तिला सर्दी-खोकला झाला, तेव्हा मी न विचारता दोन्ही तावदानं सताड उघडली. तिने पांघरुणातून फोन वर धरून मला लाल झालेला आकडा दाखवला. "आई, हे बघ. बाहेर विष आहे."

"आहे," मी म्हटलं, "आणि आत तू आहेस. पांघरूण नीट घे."